गच्चीवरचा मोगरा

भवानी पेठेतले जुने घर सोडताना अम्मींनी एकच हट्ट धरला, अंगणातला मोगरा बरोबर घ्यायचा. कोंढव्याच्या गच्चीवर आम्ही तो मोठ्या कुंडीत लावला. शेजारी मेंदी आणि रातराणी. बहुवर्षायू झाडांचे सुख हेच, की दर मोसमात नवे बी पेरावे लागत नाही. पण ती सबुरी मागतात.

पहिल्याच उन्हाळ्यात पारा ४० अंशांकडे गेला, पाणी टँकरवर आले. पावसाळ्यात उलटेच झाले. कुंडीचे छिद्र बुजून मुळांशी पाणी साचले, पाने पिवळी पडली. अम्मी काही बोलल्या नाहीत. तेच आम्हाला जास्त लागले.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन पाहायला गेलो. १८३० साली स्थापन झालेली ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही बाग सांभाळते. तिथे एका माळीबाबांनी समजावले, “थंडीत मोगऱ्याला विश्रांती द्या. पाणी कमी करा, छाटणी करा, मग शेणखत घाला.”

घरी येऊन कात्री चालवली. अम्मींनी तोंड फिरवले. छिद्र मोकळे केले, माती बदलली, खत घातले. उन्हे वाढल्यावर वुजूचे पाणी बादलीत धरून रोज संध्याकाळी घालू लागलो.

मार्च सरता सरता कळ्या आल्या. पहिली ओंजळ अम्मींच्या उशाशी ठेवली. त्या म्हणाल्या, “वास तोच आहे.”

छाटलेल्या काड्यांपैकी तीन रुजल्या आहेत. एक शेजारच्या भाभींना द्यायची, असे अम्मींनीच ठरवले आहे.