बळ्ळारी नाल्याकाठी

ऑगस्ट 2019 मध्ये पुण्याहून मावसभावाचा फोन आला. "बेळगावात पूर? तुमच्याकडं नदी कुठाय?" त्यानं काळजीनंच विचारलं होतं, तरी तो प्रश्न मला अजून टोचतो. शहरात जन्म काढलेली माणसंही असंच बोलतात.

नदी आहे. मार्कंडेय. खानापूर तालुक्यात बैलूरच्या बाजूला उगम पावते, राकसकोपला अडवलेलं तिचंच पाणी शहर पितं. पुढं कंग्राळी, काकतीच्या शिवारातून गोकाककडं जाऊन ती घटप्रभेला मिळते. शहराच्या उत्तरेच्या अंगानं जाते, म्हणून बाजारपेठेतल्या माणसाला दिसत नाही. आमच्या बाजूचं, म्हणजे येळ्ळूर, वडगाव, शहापूरचं पाणी बळ्ळारी नाला वाहून नेतो आणि शेवटी त्याच मार्कंडेय नदीत सोडतो.

बाकी बेळगाव सगळ्यांना ठाऊक आहे. सह्याद्रीला टेकलेलं, सुमारे 2500 फुटांवरचं गाव. चोर्ला घाट उतरला की गोवा. किल्ला, कमल बस्ती, गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं 1924 चं काँग्रेस अधिवेशन, 1956 पासून भिजत पडलेला सीमाप्रश्न. यावर पुष्कळ लिहून झालंय. शहराला लागून बासमती पिकतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. नाल्याकाठची जमीन काळी, कसदार. पावसाच्या तोंडावर धूळवाफ पेरणी, दिवाळीच्या मागंपुढं सुगी, आणि त्याच ओलीवर मसूर, वाटाणा.

माझं माहेर निपाणी. 2019 च्या पुराच्या त्या आठवड्यात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढलं, पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली आणि सगळ्या वाहिन्यांवर तेच दिसत होतं. इकडं आमच्या शिवारात नाला कुठला आणि शेत कुठलं, ते कळत नव्हतं. नुसतं पाणी असतं तरी भात तग धरतं. पण नाल्यातनं शहराचं सांडपाणी येतं, जलपर्णी येते. ती जलपर्णी पिकावर पसरून बसली आणि पाणी हटायचं नावच घेईना.

पाणी उतरल्यावर पंचनाम्याला साहेब आले. रस्त्यावर जीप थांबली. ते बांधापर्यंत आले आणि तिथंच उभे राहिले. लांबून शेत हिरवं दिसत होतं, कारण शेंडे तेवढे तरले होते. मामंजी म्हणाले, "साहेब, खाली उतरून बघा की. बुडखा कुजलाय." साहेब कन्नडमध्ये लिहून घेत होते, बोलतही कन्नडच होते. मला कन्नड येतं, म्हणून मी मध्ये पडले. ते म्हणाले, पाणी उतरलंय, पीक उभं आहे.

मी चिखलात उतरले आणि एक ठोंब उपटला. उपटावा लागलाच नाही, धरल्याबरोबर हातात आला. मुळं काळी पडलेली, फुटवे बोटानं दाबले तर साल सुटून यायची आणि आतून गटाराचा वास. तो मी त्यांच्यापुढं धरला. त्यांनी बघितला. मग म्हणाले, एका ठोंबावरून सगळं शेत ठरवता येत नाही. मी म्हटलं, दुसरा काढते, तुम्ही सांगाल तिथला काढते. तोवर ते वळले होते. कागदावर नुकसान 33 टक्क्यांच्या आत पडलं.

हा 33 चा आकडा ज्याच्या शेतावर येतो त्यालाच कळतो. नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तरच आपत्ती निधीतून मदत मिळते. तेव्हाचा केंद्राचा दर कोरडवाहू पिकाला हेक्टरी 6800 रुपये होता. म्हणजे एकराला जेमतेम पावणेतीन हजार. पैशासाठी मामंजी रडले नाहीत. सगळं पीक गेलं असताना गेलं नाही असं कागदावर लिहिलं गेलं, याचं त्यांना लागलं. त्या वर्षी घरात खायलाही आम्ही विकतचा तांदूळ आणला.

नंतर विचार केला, त्या साहेबांना तरी किती दोष द्यायचा? अख्खा जिल्हा पाण्याखाली होता. कृष्णाकाठची, घटप्रभाकाठची गावंच्या गावं उठली होती. माणसं शाळांत राहत होती. त्यापुढं आमचं भात ते काय. हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. पण पटत नाही. बांधावरून खाली उतरायला दोन पावलं लागतात.

आणि नाल्याचा पूर काही नुसता आभाळातून पडत नाही. सखल जमिनीवर भराव टाकून घरं उठली, गाळ साचला, महामार्गाखालून पाणी पुढं सरकायला जागा अपुरी पडते. दर उन्हाळ्यात शेतकरी निवेदनं देतात, पावसाळ्यात भात बुडतं, मग दुबार पेरणी. पोरं म्हणतात, जमीन विकून टाका, प्लॉटला भाव आहे. कधीकधी मलाही तसंच वाटतं. पण सुगीत मळणीच्या वेळी बासमतीचा वास सुटला की विकायचं तोंडातून निघत नाही.

आमचं मागणं एवढंच आहे. मे महिन्यात, धूळवाफ पेरणीच्या आधी, येळ्ळूरपासून महामार्गाच्या पलीकडंपर्यंत नाल्यातला गाळ आणि जलपर्णी काढा. शहराचं सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय त्यात सोडू नका. आणि पंचनाम्याला जो येईल त्यानं शेतात उतरून स्वतःच्या हातानं चार ठिकाणचे ठोंब उपटून बघावेत, मगच आकडा लिहावा.