सर्व्हराचें मौन

संगमनेरच्या एका पतसंस्थेंत परवां डेटाबेस सर्व्हरानें एकाएकीं मौन धरिलें. खिडकीपुढें रांग, तींत औषधाच्या पैशांसाठीं ताटकळलेली एक म्हातारी. आम्ही यंत्राला दोष देऊन मोकळे झालों. वस्तुतः त्याच्या नोंदवहींत ‘जोडण्या फार झाल्या’ हें गाऱ्हाणें केव्हांचेंच लिहिलेलें होतें. आम्हींच तें वाचलें नव्हतें. पोस्टग्रेसच्या मूळ मांडणींत १०० जोडण्यांना जागा, पैकीं ३ व्यवस्थापकासाठीं राखीव. त्या राखीव वाटेनें आंत जाऊन पाहतों, तों उरलेल्या ९७ जागा आमच्याच प्रोग्रॅमानें अडविलेल्या! काम संपल्यावर जोडणी सोडण्याचें आम्हीं त्याला शिकविलेंच नव्हतें. सर्व्हर नुसता पुनः सुरू केला असता, तर रांग हलली असती. चूक तशीच राहिली असती. ती सुधारली. ‘‘यंत्र बरं झालं का, बाबा?’’ म्हातारीनें विचारलें. आम्ही ‘होय’ म्हणालों; दुखणें कोणाचें होतें, तें मात्र सांगवलें नाहीं.