पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्या घरातलं बाळकडू. मोर्चाला निघालं की एकच सूचना: पुढे पुढे करू नकोस. म्हणजे हक्क मागायला जा, पण हक्क कोणते ते विचारू नकोस!

मला महाडचा डिसेंबर आठवतो. मार्च 1927 मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर लोकांनी मार खाल्ला. बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उगारू दिला नाही. डिसेंबरात लोक तुरुंगात जायच्या तयारीने पुन्हा जमले, तर समोर कोर्टाचा मनाई हुकूम. बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित करायला लावला आणि दावा लढवला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागायला 1937 उजाडलं. तळ्याची आणि कोर्टाची, दोन्ही पायऱ्या त्यांना माहीत होत्या.

1949 मध्ये संविधान सभेत त्यांनीच मांडलेली तरतूद आज कलम 22 म्हणून आपल्या हाती आहे: अटकेचं कारण सांगा, वकिलाचा सल्ला घेऊ द्या, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. त्याच कलमाच्या पोटात प्रतिबंधक स्थानबद्धतेची वाटही आहे, हेही विसरू नये. डी. के. बसू खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी बजावलं: पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेच्या कागदावर तारीख, वेळ आणि साक्षीदाराची सही हवी, घरच्यांना कळवायला हवं.

एका मोर्चाआधी एक जुनी कार्यकर्ती पोरींच्या मनगटांवर बॉलपेनने वकिलाचा नंबर लिहीत होती. "मोबाइल काढून घेतला, तर पाठ कुणाचा आहे गं?" सगळ्या गप्प. मग तिने बजावलं, जमावबंदीचा आदेश आहे का ते निघायच्या आधी बघायचं, एकटीने मागे राहायचं नाही, पळापळ झाली तर भेटायची जागा आत्ताच ठरवायची.

व्हॅनच्या दाराशी हवालदाराला कायदा शिकवण्यात शहाणपण नाही. नाव-पत्ता सांगावा, कारण विचारावं, कोऱ्या कागदावर सही करू नये आणि आधी घड्याळ बघावं. चोवीस तास कधीपासून मोजायचे हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या वकिलाने तरी कोर्टात काय बोलावं?