उकिडवं बसण्याची किंमत

"हाड मोडलं की किती मिळतात रे?" हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला ऑफिसातल्या निदान वीस जणांनी विचारलाय. विचारणारे सगळे इंजिनियर. त्यामुळे त्यांच्या डोक्यात एक टेबल असतं. डाव्या कॉलममध्ये हाडाचं नाव, उजव्या कॉलममध्ये रक्कम. मनगट इतके, मांडी इतके, कॉलरबोन फ्री विथ एनी टू.

तर मंडळी, असं टेबल नाहीये. कायद्यात हाड मोडणं हे सरसकट 'गंभीर दुखापत' धरलं जातं (पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३२०, आता न्याय संहितेचं ११६), मग ते करंगळीचं असो की कंबरेचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. २०१९ च्या दुरुस्तीने हे आणलं. पण ते घेतले की विषय तिथेच संपतो. खरी भरपाई हवी असेल तर कलम १६६ खाली मोटार अपघात न्यायाधिकरणात जायचं आणि समोरच्याची चूक सिद्ध करायची. तिथे हाडाची किंमत हाडावरून ठरत नाही. ते हाड कोणाचं आणि तो माणूस त्या हाडाने काय करायचा, यावरून ठरते. हे मला कुठल्या पुस्तकातून नाही, माझ्या मावसभावामुळे कळलं.

फेब्रुवारी २०२३. कराडहून पुण्याला येत होतो, भाड्याच्या गाडीतून. पुढच्या सीटवर दादा, मागे मी. दादा फरशी बसवतो. माझ्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्यांकडे पाणी गळत होतं, तर तो म्हणाला, "पुण्यातले लोक तुला लुटतील, मी येतो." खंबाटकीचा बोगदा सोडल्यावर जो उतार आहे तिथे पुढे गाड्या तुंबल्या होत्या. आमची गाडी हळू झाली, आणि मागून ट्रक. आम्ही पुढच्या टेम्पोत. मी पुढच्या सीटला हात टेकवला होता, माझं मनगट गेलं. दादाचा उजवा गुडघा डॅशबोर्डवर आदळला. गुडघ्याच्या सांध्यात नडगीच्या हाडाचं जे वरचं सपाट टोक असतं ना, ते फुटलं. दोघांनाही प्लेटा बसल्या. एकाच दवाखान्यात, एकाच आठवड्यात.

माझं प्रकरण दोन परिच्छेदांत संपतं, म्हणून आधी ते उरकतो.

दवाखान्याचं बिल कंपनीच्या मेडिक्लेममधून गेलं. पाच आठवडे रजा, पगार चालू. नंतर महिनाभर एका हाताने टायपिंग. आज थंडीत मनगट थोडं कुरकुरतं, पुश-अप्स बंद झाले (ते कधी चालू होते असं बायको विचारते). पगार कमी झाला नाही, उलट त्या वर्षी अप्रेझल बरं झालं. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात अशा भरपाईचे कप्पे पाडून दिलेत : उपचार आणि औषधं, येण्याजाण्याचा आणि पौष्टिक आहाराचा खर्च, बुडालेली कमाई, पुढे बुडणारी कमाई, पुढचे उपचार, वेदना, आणि जगण्यातली गेलेली सुखं. साध्या केसमध्ये यातले थोडेच कप्पे भरतात. माझी केस साधी. 'पुढे बुडणारी कमाई' या कप्प्यात शून्य, आणि ते बरोबरच आहे.

(जाता जाता : मेडिक्लेमने बिल भरलं तर तेवढे पैसे भरपाईतून कापायचे का, यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये सांगितलं, कापायचे नाहीत. प्रीमियम तुम्ही भरलाय, ट्रकवाल्याने नाही.)

आता दादा.

प्लेट काढायची गरज पडली नाही, हाड छान जुळलं, एक्स-रे बघून डॉक्टर खूश. चालतो, जिने चढतो, मोटरसायकल चालवतो. फक्त गुडघा नव्वद-पंच्याण्णव अंशांपुढे वाकत नाही. आपल्यासारख्याला याने काय फरक पडतो? ऑफिसची खुर्ची नव्वद अंशांची, गाडीची सीट त्याहून कमी, संडास कमोडचा. आपण उकिडवं बसलो त्याला वर्षं झाली असतील. पण फरशी बसवणारा माणूस दिवसाचे आठ तास उकिडवाच असतो. लाइनदोरी बांधायची, माल पसरायचा, फरशी टेकवायची, रबरी हातोडीने ठोकायची, पाणलेव्हल बघायची, आणि तसंच बसल्या बसल्या एक फरशी मागे सरकायचं. त्याला पूर्ण वाकणारा गुडघा लागतो.

सरकारी दाखल्यात आलं : उजव्या पायाचं कायमचं अपंगत्व २५ टक्के.

इथे मला वाटलं, झालं, उत्पन्नाच्या २५ टक्के. वकीलसाहेब हसले. म्हणाले, "हे पायाचं पंचवीस आहे. विमा कंपनी म्हणणार अख्ख्या शरीराचं आठ. आपण म्हणणार धंद्याचं चाळीस. खटला आहे तो याच्यातच." राजकुमारच्या निकालात याचं फार छान उदाहरण आहे. डावा हात तोडावा लागला, अपंगत्व समजा साठ टक्के. माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के गेली. सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. हात तोच, टक्के तेच. डॉक्टर फक्त शरीराचा टक्का सांगणार, कमाईचा टक्का न्यायाधीशांनी ठरवायचा. गंमत म्हणजे त्या निकालातला राजकुमार हा चीज विकणारा माणूस होता, आणि त्याचीही हाडंच मोडली होती.

यानंतर गणित आहे, आणि गणित म्हटल्यावर मी एक्सेल उघडलं. २००९ च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणक ठरवून दिलाय : २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, असा उतरत जातो. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने सांगितलं की चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा असणाऱ्याच्या उत्पन्नात भविष्यातली वाढ म्हणून ४० टक्के मिळवायचे. तो निकाल मृत्यूच्या दाव्याचा होता. २०२० मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही वाढ जखमींनाही लागू होते असं स्पष्ट केलं.

दादाचं वय तेव्हा ३६. आमच्या मते महिना २४,००० रुपये. वर्षाचे २,८८,०००, चाळीस टक्के वाढवून ४,०३,२००, गुणिले १५ म्हणजे ६०,४८,०००. त्याचे ४० टक्के, २४,१९,२००. विमा कंपनीच्या मते उत्पन्न १२,००० आणि अपंगत्व ८ टक्के. त्याच सूत्रात घातलं की २,४१,९२०.

बरोब्बर दहापट! सूत्र एकच, गुडघा एकच. भांडण फक्त दोन इनपुटचं.

आणि त्यातलं उत्पन्नाचं इनपुट माझ्या बाबतीत एका मिनिटात सिद्ध झालं असतं. पगाराची स्लिप, फॉर्म १६, विषय खलास. दादाकडे यातलं काही नाही. इन्कम टॅक्स भरण्याइतकं उत्पन्न नव्हतं, पैसे रोख. समोरच्या वकिलांचं म्हणणं, पुरावा नाही तर अकुशल मजुराचा दर धरा. अकुशल! गुण्या लावून बाथरूमचा उतार अचूक जाळीकडे काढणारा माणूस अकुशल आणि दिवसभर दुसऱ्याचा कोड कॉपी-पेस्ट करणारा मी कुशल. असो.

दादाकडे एकच गोष्ट होती, खिशात मावणाऱ्या डायऱ्या. २०१९ पासूनच्या. सिमेंट लागून पानं कडक झालेली. 'मास्तर बंगला – हॉल ३४०, डॅडो २१०, स्कर्टिंग ९५.' खाली उचल किती घेतली, हेल्परला किती दिले. मी दोन शनिवार-रविवार कराडला जाऊन त्या सगळ्या शीटमध्ये भरल्या. फूट गुणिले दर, वजा हेल्पर, वजा पेट्रोल. २०२० मधले लॉकडाउनचे महिने कोरे होते. ते वगळायचे की धरायचे यावर माझा आणि वकीलसाहेबांचा अर्धा तास वाद झाला. मला ते वगळणं खोटेपणाचं वाटत होतं, धरणं अन्यायाचं. शेवटी ते वेगळे दाखवले आणि अपघाताच्या आधीचे बारा महिने मुख्य धरले. सरासरी आली २४ हजार आणि वर काही.

"छान आहे," वकीलसाहेब म्हणाले, "पण डायरी काय, कुणीही रात्रीत लिहील. ज्यांच्या घरी फरशी लावली ती माणसं उभी करा."

ही सगळ्यात अवघड पायरी. साताऱ्याच्या कोर्टात येऊन साक्ष द्यायला कोणाला वेळ आहे? अकरा जणांना फोन केले, तिघे आले. त्यातले एक ते डायरीतले मास्तर, रिटायर्ड, इस्त्रीचा पांढरा शर्ट. उलटतपासणीत विचारलं, पैसे दिल्याची पावती आहे का? मास्तर म्हणाले, "पावती नाही. फरशी आहे. येऊन बघा. गोटी ठेवली तर जागची हलत नाही." कोर्टात हशा पिकला. पावती नसल्याचं मात्र टिपलं गेलंच. त्याखेरीज शेवटच्या सात-आठ महिन्यांत काही लोकांनी मोबाइलवरून पैसे पाठवले होते, ते बँक स्टेटमेंटमध्ये सापडले आणि डायरीशी तंतोतंत जुळले. मला वाटतं त्या जुळण्यानेच जास्त काम केलं.

दादाची उलटतपासणी ऐकणं मला जड गेलं.

"अजूनही फरशीची कामं घेता ना?"

"घेतो."

"म्हणजे धंदा चालू आहे."

"कामं मी घेतो. लावतात दोन पोरं. मी उभं राहून सांगतो. पूर्वी मला मिळायचे ते आता त्यांना जातात, मला उरतात चार-पाच रुपये फुटाला."

मग थोडं थांबून, कोणी विचारलं नसताना म्हणाला, "आणि उभं राहून कळत नाही साहेब. फरशीच्या जवळ तोंड नेल्याशिवाय लेव्हल दिसत नाही."

२०२५ मधल्या एका लोकअदालतीत केस ठेवली गेली. पाच लाखांपासून सुरुवात झाली. दोन तास आतबाहेर करून विमा कंपनी आली साडेबारा लाखांवर, उपचाराचा खर्च आणि व्याज सगळं धरून. लोकअदालतीत तडजोड झाली की तिच्यावर अपील नाही, दोन्ही बाजूंना. माझं मत होतं घेऊ नये. निकाल लागला असता तर, मास्तरांच्या साक्षीनंतर, अठराच्या खाली येणार नाही असा माझा हिशोब होता, वर अर्जाच्या तारखेपासून व्याज. मी मोबाइलवर शीट उघडून व्हरांड्यात दादाला दाखवत होतो. वाईटात वाईट, मधलं, चांगल्यात चांगलं, असे तीन रंग केले होते.

दादाने नीट बघितलं सगळं. मग विचारलं, "यात पतसंस्थेचं व्याज कुठाय?"

ऑपरेशनच्या वेळी वहिनीचं सोनं ठेवून कर्ज काढलं होतं, दोन लाख चाळीस हजार. त्याला मेडिक्लेम नव्हता ना. ते व्याज दर महिन्याला चालू होतं. आणि निकाल लागून कंपनी हायकोर्टात गेली तर अजून किती वर्षं, हे वकीलसाहेबांनाही सांगता आलं नाही. मी ते व्याज तिथल्या तिथे शीटमध्ये घातलं. तरी माझ्या हिशोबाने थांबणंच फायद्याचं होतं. "तुला थांबता येतं," दादा म्हणाला. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. आणि आत जाऊन सही केली.

मला अजूनही वाटतं की ते कमी मिळाले. हिशोबातला सगळ्यात मोठा आकडा, म्हणजे माणसाला किती महिने थांबणं परवडतं, तो कुठल्याच निकालातल्या सूत्रात नाही, आणि तडजोडीच्या टेबलावर मात्र समोरच्याला तो आपल्या चेहऱ्यावर वाचता येतो. विमा कंपनीचे अधिकारी वाईट होते असं नाही. चांगले बोलले, वहिनीला बसायला खुर्ची दिली. पण त्यांना ठाऊक होतं.

पैसे आले. सोनं सुटलं. काही मुदत ठेवीत गेले, काही दोन्ही पोरींच्या नावावर. बाथरूमचं काम दादाने त्याच्या पोरांना घेऊन येऊन केलं, स्वतः दारात स्टुलावर बसून त्यांना ओरडत. गळती थांबली.

वकिलांची फी सोडता या सगळ्यात लागलं काय, तर डायऱ्या, एक्सेल आणि मास्तर. आणि एक तारीख : अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा ही अट १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात आलीय. आम्ही जूनमध्येच केला होता.

परवा दादाच्या ओळखीतल्या एका रंगाऱ्याचा फोन आला. रिक्षा उलटून खांदा निखळलाय, हाडही मोडलंय, हात डोक्याच्या वर जात नाही. म्हटलं डायरी आहे का? नाही म्हणाला, सगळं डोक्यात असतं. मोबाइलवर पैसे घेता का? घेतो, पण बायकोच्या नंबरवर. म्हटलं चालेल, तिच्या खात्याचं स्टेटमेंट काढा, आणि ज्यांची घरं रंगवली त्यांची नावं आजच एका वहीत लिहायला बसा. या रविवारी जातोय त्याच्याकडे.