मांगीतुंगीची चढण

१९८८ साली आम्ही उभयता प्रथम मांगीतुंगी सिद्धक्षेत्री गेलो, तेव्हा पत्नी गरोदर होती. तिला पायथ्याच्या मंदिरात बसवून मी एकटाच पायऱ्या चढून गेलो आणि परतल्यावर तासभर वरचे वर्णन ऐकवीत राहिलो. ती काही बोलली नाही. पुढे संसारात, बँकेच्या बदल्यांत ती यात्रा राहूनच गेली.

गेल्या हिवाळ्यात भिवंडीहून पहाटे निघून कसारा घाट, नाशिक, सटाणा, ताहराबाद करीत पुन्हा तेथे पोहोचलो. आता तिच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत. भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट मूर्तीपर्यंत मात्र जीप जाते. यात्रा पायांनीच करावी, असे आजवर इतरांना ऐकवणारा मी निमूटपणे जीपमध्ये बसलो.

चढ छातीवर येणारा. चालकाने पहिला गिअर टाकला. "आजी, दांडी घट्ट धरा," तो म्हणाला. प्रत्येक वळणावर समोर फक्त आकाश दिसे. पत्नीचा णमोकार सुरू होता. माझ्या तळहातांना घाम फुटला होता.

बाजूच्या कड्यात खडकाचे थरावर थर दिसत होते. सह्याद्रीचे हे डोंगर म्हणजे थिजलेला अग्नीच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, निवला, त्यावर पुन्हा नवा थर आला. गणिनीप्रमुख आर्यिका श्री ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने त्याच पाषाणात ही अखंड मूर्ती कोरली गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिची पंचकल्याणक प्रतिष्ठा झाली. एके काळी धगधगलेल्या दगडातून इतकी शांत मुद्रा प्रकटावी, याचे नवल वाटले.

पत्नी मूर्तीसमोर बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मांगीच्या शिखरावर आजही पायऱ्यांनीच जावे लागते. माझी नजर तिकडे वळलेली पाहून ती म्हणाली, "जाऊन या. मी बसते इथे."

हेच शब्द बहुधा १९८८ सालीही ती बोलली असावी. मी ते परवानगी म्हणून ऐकले होते.

"या वेळी नको," मी म्हणालो आणि तिच्या शेजारी बसलो. अभिषेकाची घंटा वाजेपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग एकाच जीपने खाली उतरलो.