रविवारचं रजिस्टर

कल्याणला दूधनाक्यावर आमचं जुनं घर होतं. घरापुढच्या मोकळ्या जागेत असरपासून मगरिबपर्यंत मुलांचा फुटबॉल चाले. माझा भाऊ त्यात असे. मी आणि माझी मोठी बहीण खिडकीतून बघत असू. बॉल आमच्या ओट्याशी आला की आपा धावत जाऊन पायानंच तो परत मारी. तिची किक भावापेक्षा सरळ जायची, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. ती सातवीत गेली तेव्हा अब्बांनी एकदाच सांगितलं, "बेटा, आता दाराबाहेर नको." रागावून नाही, मायेनंच सांगितलं. आपानं ऐकलं. त्यानंतर ओट्याशी आलेला बॉल ती हातानं उचलून देऊ लागली.

लग्न होऊन मी मुंब्र्याला, कौशात आले. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधल्या पट्टीत माणसंच माणसं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली किती कुटुंबं इथं आली, हे आपल्यापैकी अनेकांनी घरातच ऐकलेलं असेल. माणसं आली, इमारती उठल्या, मैदानं काही वाढली नाहीत. जी काही मोकळी जागा उरली, तिथं मुलं खेळतात. मुली तिच्या कडेनं चालत जातात.

हे चित्र बदलायचा प्रयत्न मुंब्र्यातच झाला, याचा मला अभिमान वाटतो. सबा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली 'परचम' ही संस्था २०१२ च्या सुमारास इथल्या मुलींना घेऊन फुटबॉल खेळू लागली. आँचलाचा परचम करायला सांगणाऱ्या मजाज यांच्या प्रसिद्ध नज्मेवरून तिचं नाव ठेवलेलं आहे. मैदानावर मुलींसाठीही जागा हवी म्हणून त्या मुली सह्या गोळा करत फिरल्या, लोकप्रतिनिधींकडे गेल्या. त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत आलं, देशभर बोललं गेलं. पण मला इथं सांगायचं आहे ते आमच्या छोट्या रविवारच्या खेळाविषयी. त्याला धड नावही नाही. एका बँकेत नोकरी करणाऱ्या बाई, कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली आणि आम्ही काही आया एवढाच त्याचा कारभार. बँकेतल्या बाईंना सगळ्या मुली बाजी म्हणतात.

फुटबॉल आमच्या घराला परका नव्हता. माझे जेठ, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, सय्यद अब्दुल रहीम यांच्याविषयी भरभरून बोलत. हैदराबादचा एक शिक्षक भारतीय संघाचा प्रशिक्षक होतो आणि १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत देशाला सुवर्णपदक मिळवून देतो, ही गोष्ट त्यांनी माझ्या पुतण्यांना कितीदा सांगितली असेल. ती ऐकणाऱ्यांत माझी मुलगीही असे. ती आपल्यासाठी नाही, असं तिला वाटलंच नाही.

तेरा वर्षांची असताना तिनं रविवारच्या खेळात नाव घालायचं म्हटलं. मी फॉर्मवर सही केली आणि घरी सांगितलं, गणिताची शिकवणी लावली आहे. मी स्वतः शिक्षिका. वर्गात मुलांना खरं बोलायला शिकवते. पण सासूबाईंशी आणि भाईजानांशी वाद घालायची हिंमत झाली नाही. मुलीला म्हटलं, "दप्तरात वही ठेव, खाली बूट ठेव." तीन महिने हे चाललं. पावसाळा आला आणि एका रविवारी स्टेशनाजवळ भाईजानांनी तिला पाहिलं. घरी येऊन ते मला शांतपणे म्हणाले, "भाभी, गणिताच्या शिकवणीत एवढा चिखल असतो का?"

त्या रात्री मी बाजींना फोन केला. वाटलं, त्या माझी बाजू घेतील. त्यांनी आधी विचारलं, "तुम्ही घरी सांगितलंच नव्हतं?" मग म्हणाल्या, "मॅडम, उद्या तिचा पाय मोडला आणि तुमचा फोन लागला नाही, तर मी तुमच्या घरी जाऊन काय सांगायचं? गणित करताना पडली? एका घरात खोटं निघालं की बाकीच्या घरांची दारं बंद होतात. घरी ठरेपर्यंत तिला पाठवू नका."

मला राग आला. मुलींच्या हक्काचं बोलायचं आणि वेळ आली की घरच्यांची परवानगी मागायची, हे कसलं काम, असं वाटलं. मुलगी दोन दिवस जेवली नाही. मी मात्र तिच्याकडे बघायला कचरत होते. खोटं तिनं बोललं नव्हतं, मी बोलायला लावलं होतं.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी बाजी एका मुलीच्या आईला घेऊन आमच्या घरी आल्या. सासूबाईंजवळ बसल्या. चहा झाला. अम्मींनी एकेक विचारायला सुरुवात केली. तिथं पुरुष कोण असतात? कपडे कसले? नमाजच्या वेळी काय? अंधार पडला तर घरी कोण आणतं? बाजी प्रत्येकाचं उत्तर देत होत्या. पूर्ण पायजमा चालतो, डोकं झाकलेलं चालतं, न झाकलेलंही चालतं. मगरिबच्या अर्धा तास आधी खेळ थांबतो. शेवटी अम्मी म्हणाल्या, "आणि लोक बोलले तर?" बाजी म्हणाल्या, "बोलतील. बोलणार नाहीत असं मी कसं सांगू?"

मला वाटतं, या उत्तरानंच काम केलं. अम्मी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "घरचं कुणीतरी तिथं बसलं पाहिजे. हिची आई शिकलेली आहे. हीच बसेल."

अशी मी रजिस्टर सांभाळायला लागले. त्यात मुलीचं नाव, घरचे दोन फोन नंबर, काही आजार असेल तर तो, आणि शेवटच्या रकान्यात ती कोणाबरोबर घरी जाणार ते लिहायचं. हा रकाना भरल्याशिवाय बॉल बाहेर काढायचा नाही, असा नियम आहे. माझ्या पिशवीत बर्फ, पट्ट्या, मीठ-साखरेच्या पुड्या, सॅनिटरी पॅड आणि मूठभर सेफ्टी पिना असतात. बूट कोणी विकत घेत नाही. मोठीला लहान झाले की धुऊन धाकटीकडे जातात. एका मुलीचे वडील रिक्षा चालवतात. ते स्वतःच्या मुलीबरोबर शेजारच्या दोघींना आणून सोडतात आणि भाड्याचं नाव काढत नाहीत. रमजानमध्ये खेळ बंद असतो. दहावीच्या मुलींना परीक्षेआधी सुट्टी असते, पण नाव रजिस्टरमधून काढत नाहीत. नाव काढलं की घरचे समजतात, संपलं.

लोक म्हणतात, तुमच्याकडे सगळं फुकट आहे. फुकट काही नसतं. कोणाचा तरी रविवार जातो, कोणाच्या तरी घरी त्या दिवशी स्वयंपाक उशिरा होतो. बाजींच्या आई आजारी पडल्या तेव्हा सलग तीन रविवार खेळ झाला नाही आणि दोन मुली परत आल्याच नाहीत. स्वयंसेवेचं कौतुक करावं, पण तिच्या भरवशावर सगळं सोडू नये. मैदान, स्वच्छतागृह, दिवे ही महापालिकेची कामं आहेत. मुलींसाठी ती मागत राहणं हेही रजिस्टर भरण्याइतकंच आमचं काम आहे.

एकदा डोंबिवलीला सामना होता. स्लो लोकलनं दिवा, कोपर, डोंबिवली. लेडीज डब्यात मुलींचा असा गलका की बायकांनी खाऊ काढून दिला. मैदानावर मात्र तिथल्या एका कार्यकर्त्यानं आमच्या तीन मुलींना थांबवलं. म्हणाला, डोक्यावरचं काढावं लागेल, नियम आहे. मी घरून वाचून गेले होते. त्याला सांगितलं, असा नियम होता. २०११ साली त्याच्यापायी इराणच्या मुलींना ऑलिम्पिकच्या पात्रता सामन्यात खेळू दिलं नव्हतं. पण २०१४ च्या मार्चमध्ये तो बदलला. त्यानं कोणाला तरी फोन केला आणि मुलींना आत सोडलं. आम्ही चार गोलांनी हरलो. परतताना डोकं झाकलेल्या आणि न झाकलेल्या, सगळ्याच मुली पंचाला सारख्याच शिव्या घालत होत्या.

भाईजान अजून या विषयावर बोलत नाहीत. माझी मुलगी खेळते, हे त्यांनी मान्य केलेलं नाही. फक्त अडवत नाहीत. मीही आता त्यांच्याशी खोटं बोलत नाही. रविवारी निघताना सांगते, "भाईजान, मैदानावर जातोय." ते पेपर वाचत मान हलवतात. तेवढंही मला पुष्कळ वाटतं.

गेल्या हिवाळ्यात आपा कल्याणहून आली होती. रविवार होता, तिला सोबत नेलं. ती माझ्याशेजारी खुर्चीवर बसली होती. खेळता खेळता बॉल तिच्या पायाशी आला. माझी मुलगी ओरडली, "खाला, मारा ना इकडे!" आपा उठली. क्षणभर उभी राहिली. मग वाकून तिनं तो हातानं उचलला आणि मुलीला नेऊन दिला.

परतताना रिक्षात ती गप्प होती. स्टेशन जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाली, "अब्बा तसे वाईट नव्हते गं. त्यांना कोणी घरी येऊन विचारलंच नाही."