फळ्याशेजारचा पडदा

गुगल अर्थवर १९८४पासूनची उपग्रहचित्रं वर्षामागून वर्ष सरकवत बघता येतात. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ थांबायचं आणि वैनगंगेवर नजर ठेवायची. आधी वाळूतून वाहणारी नदी. मग तिच्या आड एक रेघ येते, ती गोसेखुर्दची भिंत. पुढे पाणी मागे फुगत जातं, नाल्यांतून आत शिरतं. १९८८ साली राजीव गांधींनी पायाभरणी केलेलं धरण मुलांना असं मिनिटभरात दिसतं. वर्गात पुनर्वसित गावांतली मुलं असतील, तर आजीचं गाव कुठं होतं ते त्यांनीच पडद्यावर बोट ठेवून सांगावं.

*

आधी प्रश्न, मग पडदा. पाणी कुठवर चढलं असेल, हे मुलांनी वहीत काढायचं आणि त्यानंतर चित्र लावायचं. उत्तर आधीच दिसलं, तर डोकं चालवायचं कारणच उरत नाही.

*

रोवणीच्या दिवसांत शाळेसमोरच्या बांधीत पऱ्हे उभे असताना आत बसून भाताचा व्हिडिओ बघू नये. बांधावर जावं, चिखलात हात घालावा. फोनचं काम वेगळं: रोज एकाच जागेवरून एक फोटो. महिनाअखेरीस ते फोटो भराभर फिरवले की रोप वाढताना दिसतं. फार सावकाश, फार दूरचं, फार मोठं असं जे उघड्या डोळ्यांना दिसत नाही, तेवढंच यंत्रानं दाखवावं.

*

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले. २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. सगळ्याची सुरुवात आपल्या वर्गातल्या मुलांना काय अडतं, हे बघण्यापासून झाली.

*

त्याच वर्षी शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका लागायची. तिला ना स्मार्टफोन लागत होता, ना डेटा. घराघरांत काय आहे ते आधी बघावं, साधन मग निवडावं.

*

पडद्यावरचा आवाज बहुतेकदा प्रमाण मराठीतला असतो. इथल्या, भंडाऱ्याकडच्या घरांत झाडीबोली आहे. मुलांनी आजोबांकडून मालगुजारी तलावाची, गावच्या बोडीची म्हणजे छोट्या तळ्याची हकीकत रेकॉर्ड करून आणावी आणि वर्गात ऐकवावी. आपली बोली शाळेच्या स्पीकरवर ऐकली, की मागच्या बाकावरचं गप्प मूलही बोलायला लागतं.

*

शाळेत देणगीतून टीव्ही संच येतो. विजेचं बिल मात्र दर महिन्याला येतं. टीव्ही बंद पडला, तर दुरुस्तीला कोणाला बोलवायचं हे ठरलेलं नसतं. देणाऱ्यांनी दोन संच कमी द्यावेत, पण पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे सोबत द्यावेत. जिल्हा परिषदेनंही दर तालुक्याला एक दुरुस्ती करणारा माणूस नेमावा. एवढं झालं, तरी कपाटात पडलेले कितीतरी संच पुन्हा वर्गात येतील.